सातमाशी लेकराची वजाबाकी

“सा महिने झाले, तरी मान धरंना,” असं म्हणत आईने लेकरू माझ्यासमोरच्या सतरंजीवर ठेवलं. सोबत सासू होती. चारचौघांत नातवाचं उणं काढलं असं वाटून की काय, ती लगेच म्हणाली, “पर पायात लई दम हाय. उभं केलं की चवड्यावर ताठ ऱ्हातंय.” भूम तालुक्यातल्या एका तपासणी शिबिरातली ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

बाळ ३१ आठवड्यांचं जन्मलेलं. चाळीसातून एकतीस गेले, उरले नऊ. हे नऊ आठवडे वजा केले, तर सहा महिन्यांच्या त्या बाळाचं सुधारित वय चार महिनेसुद्धा भरलेलं नव्हतं. दोन्ही हात धरून उठवलं तर मान जराशी मागे राहत होती, पालथं घातलं की डोकं उचलून इकडे-तिकडे बघत होतं. त्या वयाला तेवढं पुरे. दोन महिने ती माउली ज्यासाठी रडत होती, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. मग मी पायांकडे वळलो. गुडघ्यामागचा कोन आवळलेला, मांड्या फाकवताना अडणाऱ्या, पावलं खाली ताणलेली, मुठी मिटलेल्या आणि उजवा अंगठा आत. घराला घोर लागला होता मानेचा. दुखणं मात्र आजी ज्याचं कौतुक सांगत होती त्या पायांत होतं.

आईजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं डिस्चार्ज कार्ड होतं. कुठल्या रुग्णालयाचं ते महत्त्वाचं नाही. जन्मवजन, घरी सोडतानाचं वजन, किती दिवस ऑक्सिजन, कोणती प्रतिजैविकं, कोणते थेंब, पुढची तारीख, सगळं होतं. सुधारित वय मात्र कुठेही नव्हतं. घरी आल्यावर मी स्वतः पूर्वी लिहिलेली काही कार्डं काढून पाहिली. त्यांतही नव्हतं. आपण उपचार करणारे ते मनातल्या मनात मोजतो आणि आईने ओळखावं अशी अपेक्षा धरतो. तिच्या हातात जे कागद असतात, ते सगळे जन्मतारखेने बोलतात. आशाताईंच्या तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा महिन्यांच्या गृहभेटी जन्मतारखेवरून, आणि माता-बाल संरक्षण पत्रिकेतली मान धरण्याची, बसण्याची चित्रं पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हिशेबाने. भावकीत त्याच आठवड्यात जन्मलेलं दुसरं बाळ असतंच. तुलना जेवणाच्या पंगतीत होते आणि दोष सुनेच्या दुधाला लागतो.

आता ही वजाबाकी कुठे करायची आणि कुठे नाही, हेही आपण नीट सांगत नाही. विकासाचे टप्पे पाहताना दोन वर्षांपर्यंत करायची. प्रकृती स्थिर असलेल्या बाळाच्या लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या. “लेकरू कमी दिवसांचं हाय, सुई सोसंल का?” या धास्तीने पहिले डोस मागे पडलेली बाळं आपण सगळेच पाहतो. डोळ्याच्या पडद्यालाही वजाबाकी चालत नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून चार आठवड्यांच्या आत पडदा तपासलेला हवा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यात दोष असेल आणि ती वेळ गेली, तर नंतर केलेल्या उत्तम थेरपीनेही गेलेली दृष्टी परत येत नाही. काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळाच्या कानाची चाचणी फक्त ओएईवर उरकू नये, बेरा करावी, कारण अशा बाळांमध्ये दोष कानात नसून पुढच्या नसेत असू शकतो.

याच वजाबाकीचा उलटा वापरही होतो, आणि तो करणारे बहुधा आपणच असतो. “कमी दिवसांचं आहे, होईल हळूहळू.” हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल, आठवतसुद्धा नाही. दिलासा म्हणून ते बरं वाटतं, पण त्यात सहा-सहा महिने निघून जातात. सेरेब्रल पाल्सीचं निदान वर्ष-दीड वर्ष थांबून करायचं, हा जुना शिरस्ता २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानंतर उरलेला नाही. सुधारित वयाच्या पाच महिन्यांच्या आतही बाळाच्या उत्स्फूर्त हालचाली, हॅमरस्मिथ पद्धतीची चेतासंस्थेची तपासणी आणि शक्य असेल तिथे एमआरआय यांच्या जोरावर बरंच काही ठरवता येतं. सुधारित वयाच्या तीन ते पाच महिन्यांत निरोगी बाळाच्या मान, धड, मनगट, घोटा यांत सतत बारीक चळवळ चाललेली असते. तिला फिजेटी हालचाल म्हणतात. ती दिसली नाही तर थांबायचं कारण नाही. ती ओळखायला शिकलेली नजर लागते हे खरं. पण टिपायला बाळ जागं, शांत आणि उताणं असलं, आणि मोबाईलवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ असला की झालं. तो व्हिडिओ काढणार कोण? ज्या वेळी बाळ जागं आणि शांत असतं, त्या वेळी आपण कधीच तिथे नसतो.

भूमचा भूगोल इथे मध्ये येतो. तालुका धाराशिव जिल्ह्यातला, पण बार्शी जवळची. म्हणून अडलेलं बाळंतपण आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ पुष्कळदा बार्शीकडे धावतं, आणि बार्शी पडते सोलापूर जिल्ह्यात. बाळ काचेत एका जिल्ह्यात, आशाताई आणि अंगणवाडी दुसऱ्या जिल्ह्यात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाडीपर्यंत तपासणी पथकं नेली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसीची, म्हणजे लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, सोय ठेवली. योजना चांगली आहे. तरी खाजगी दवाखान्यातून थेट घरी गेलेलं, शेजारच्या जिल्ह्यात नोंदलेलं बाळ या साखळीत आपोआप येत नाही. त्याला कुणीतरी आणावं लागतं. १७ नोव्हेंबरला जागतिक अपूर्णकाल जन्म दिन येतो, आपण जांभळ्या फिती लावतो. त्याच सुमाराला या भागातली बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर चढून ऊसतोडीला निघालेली असतात. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाचे नेमके तपासणीचे महिने फडावर, कोपीत जातात. आपण लिहून दिलेल्या तारखा पाचट पेटवायला उपयोगी पडत असतील तर त्यात आईचा दोष नाही.

त्या आईकडे परत येतो. घरी काय-काय दिसलं असं विचारलं, तेव्हा तिने मोबाईलमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो दाखवले. भूम-कुंथलगिरीचा पट्टा खव्याचा. तिच्या घरचंही दूध भट्टीला जातं. तारखांच्या चौकटींत सकाळ-संध्याकाळच्या लिटरचे आकडे होते आणि त्यांच्याच खाली बारीक अक्षरांत: “हसला.” “टाळी वाजवली की दचकतो.” “उजवी मूठ उघडत नाही.” ही शेवटची नोंद आमच्या भेटीच्या तीन आठवडे आधीची होती. मी ज्याला ‘उजव्या हाताचा अंगठा आत’ असं भारदस्त नाव दिलं, ते तिने दुधाच्या हिशेबाखाली कधीच लिहून ठेवलं होतं. तिला ते कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मी तिला कागदभर व्यायाम लिहून दिले नाहीत. दिवसातून तीनदा, प्रत्येकी दहा वेळा, हा आपला आवडता मंत्र शेण-पाणी, दूध आणि चूल सांभाळणाऱ्या घरात दोन दिवस चालतो. दिवसात जे होणारच आहे त्यालाच हात घातला. अंघोळ आजी पायांवर घालत होती. ती बंद करा म्हणण्यापेक्षा, पाय खेचून ताणण्याऐवजी गुडघे दुमडून मांड्या सैल कशा सोडवायच्या, ते तिच्याच पायांवर बाळ ठेवून दाखवलं. कडेवर घेताना बाळाचे दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना. दूध पाजून झाल्यावर थोड्या वेळाने मांडीवर पालथं आणि समोर चमकणारी वाटी. उजव्या मुठीला ती वाटी लागू द्यायची, पण मूठ ओढून उघडायची नाही, बाळाला धडपडू द्यायचं. आणि उभं करून दम बघणं आजपासून बंद. आजीचा चेहरा पडला, पण तिने ऐकलं. वॉकरही आणायचा नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “आन् पांगुळगाडा?” तो चालेल, पण मूल स्वतः उभं राहायला लागल्यावर. पांगुळगाडा मूल ढकलतं, वॉकर मुलाला बसवून पळवतो, हा फरक तिला माझ्याआधी कळला.

पुरावा काय सांगतो, तेही झाकायला नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी घरी गेल्यावर चालवलेल्या विकास-कार्यक्रमांचा कोक्रेन आढावा म्हणतो की बौद्धिक विकासाला शाळापूर्व वयापर्यंत फायदा दिसतो, हालचालींना थोडाच, आणि शाळेच्या वयात तो टिकलेला दिसत नाही. परिणाम अधिक दिसतो तो आई-बाळाचं नातं आणि विकास दोन्हींवर काम केलेल्या कार्यक्रमांत. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी आणि डॉ. आनंद पंडित यांच्या चमूने १९८७ ते १९८९ मध्ये घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. या मुलांची बुद्ध्यंकाची सरासरी सामान्य पट्ट्यात, पण तुलनेच्या गटापेक्षा कमी होती. बाराव्या वर्षी लेखन आणि गणितात ती अडखळत होती. तेव्हा “आता सगळं ठीक” असा शेरा मारून दोन वर्षांना फाईल बंद करणं घाईचं आहे. विकास तपासायच्या साधनांची तर उणीव नाही. तिरुवनंतपुरमचा सतरा टप्प्यांचा तक्ता आशाताईसुद्धा वापरू शकते, आणि सविस्तर मोजणीला डॉ. प्रमिला फाटक यांची डासी ही मोजपट्टी आपल्याच मुलांवर प्रमाणित केलेली आहे. आपल्याकडे उणीव आहे ती कार्डावरच्या एका ओळीची. ‘सुधारित जन्मतारीख’ म्हणून अपेक्षित प्रसूतीची तारीख शाईने लिहा. आईला महिने वजा करायला लावू नका, थेट दुसरी तारीखच द्या. खाली दोन रकाने, एक लस-डोळे-कान, दुसरा मान-मूठ-बसणं, आणि कोणता कोणत्या तारखेने मोजायचा ते. आपण वापरत असलेल्या कार्डाचा नमुना संपादकीय पत्त्यावर पाठवा. चांगले नमुने छापू.

दुसऱ्या भेटीला आजीने विचारलं, “जावळ माणकेश्वरच्या सटवाईला काढायचंय. कोन्च्या तारखेनं, जन्माच्या का तुमच्या?” सहाव्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते, तेव्हा हे बाळ काचेत होतं, ही सल तिच्या मनात असणार. देवीचा कार्यक्रम जन्माच्याच तारखेने करा, असं मी सांगितलं. आजीला वजाबाकी कळली होती.

दिवाळीनंतर ते कुटुंब फडावर गेलं. जानेवारीत आईचा फोन आला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज. “बसतंय आता. पर टेकायला डावाच हात लावतंय, उजवा जवळच धरतंय. व्हिडिओ धाडलाय, बघा.” सुधारित वय नऊ महिन्यांच्या आत असताना एकाच हाताची निवड, याचा अर्थ वाचकांना सांगायला नको. पुढच्या भेटीची मार्चमधली तारीख खोडून आम्ही फेब्रुवारीचा पहिला आठवडा लिहिला, आणि कारखान्याच्या जवळचा थेरपिस्ट शोधायला घेतला.