खिळ्यांची फळी रंगवण्यापूर्वी

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा अशा गावांत एखाद्या जुन्या घराचा माळा रिकामा होऊ लागला की काही ठरावीक वस्तू खाली येतात. कंदिलाच्या काचा, बंद पडलेला रेडिओ, कल्हई उडालेली पातेली. आणि कधीकधी एक लाकडी फळी: वरच्या बाजूला कमानीसारखी वाकवलेली पट्टी, अंगभर खिळे, खिळ्यांच्या कुंपणांत रंगवलेले १०, ५०, १०० असे आकडे आणि उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा. दांडा मागे ओढून सोडला की गोळी वर जाते, कमानीवरून वळते आणि खिळ्यांना आपटत खाली येते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना ज्यांना दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची बंदी होती, अशा कित्येक मुलांनी ही फळी झिजवली आहे. तिचे नाव बॅगाटेल. पिनबॉल या जगभर गाजलेल्या यंत्राची ती जन्मदात्री.

अशी फळी हाती आल्यावर आजचा उत्साही तरुण सर्वप्रथम काय करतो? पॉलिशपेपर घेतो. जुना रंग खरवडतो, वाकडे खिळे उपटून नवे चकचकीत खिळे सरळ रेषेत ठोकतो, वर वॉर्निशचे दोन हात देतो आणि ‘आधी’ व ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावतो. दाद भरपूर मिळते. हा थ्रेड त्या पॉलिशपेपरवरच्या आक्षेपाचा आहे. मात्र आक्षेप समजून घ्यायचा तर आधी फळीचा इतिहास पाहावा लागतो.

‘बॅगाटेल’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी क्षुल्लक गोष्ट. पॅरिसजवळ याच नावाचा एक छोटा महाल आहे. सोळाव्या लुईच्या धाकट्या भावाने, आर्त्वाच्या काउंटने, तो १७७७ मध्ये अवघ्या काही आठवड्यांत बांधून घेतला. खेळाला नाव या महालावरून मिळाले असे सांगितले जाते. मुळात हा बिलियर्डचाच अरुंद अवतार होता. टेबलाच्या एका टोकाला खाचा आणि खुंट्या असत, आणि चेंडू काठीने ढकलत. इंग्लंड-अमेरिकेत तो पानगृहांतून पसरला. १८६४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत लिंकन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मॅक्लेलन हे बॅगाटेल खेळत असल्याचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. खेळ घरोघरी ठाऊक असल्याशिवाय व्यंगचित्रकार त्याला हात घालत नाही.

या तारखेपाशी वऱ्हाडातील वाचकाने क्षणभर थांबावे. ज्या यादवी युद्धाच्या काळात ते व्यंगचित्र निघाले, त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. एकाच घटनेची ही दोन टोके. त्यांपैकी एकाला ‘आर्थिक इतिहास’ म्हणून पाठ्यपुस्तकात जागा मिळाली. दुसरे क्षुल्लक ठरले.

फळीच्या उजव्या कडेच्या दांड्याचे पेटंट मात्र त्या व्यंगचित्रानंतरचे आहे. माँटेग्यू रेडग्रेव्ह हा इंग्रज गृहस्थ अमेरिकेतील सिनसिनाटी येथे बॅगाटेलची टेबले बनवीत असे. ३० मे १८७१ रोजी त्याला या खेळातील सुधारणांचे पेटंट मिळाले. काठीऐवजी स्प्रिंगचा दांडा, मोठ्या चेंडूऐवजी लहान गोळी, तिरपा पृष्ठभाग. टेबल आक्रसून फळी झाले आणि मांडीवर मावू लागले. माळ्यावरून खाली आलेल्या त्या धुळकट वस्तूतील यंत्ररचना दीडशे वर्षांपूर्वीच्या या कागदापर्यंत थेट पोहोचते. कोणत्या सुताराने ती फळी घडवली हे ठाऊक नसले तरी तो कोणत्या परंपरेत काम करत होता हे सांगता येते.

पुढची कथा शिकागोची. १९३१ साली, महामंदीच्या काळात, डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ हे नाण्यावर चालणारे यंत्र बाजारात आणले. एका सेंटमध्ये काही गोळ्या, तेवढीच करमणूक. पन्नास हजारांहून अधिक यंत्रे खपली. १९३२ मध्ये रेमंड मोलोनी यांचे ‘बॅलीहू’ आले आणि त्यावरूनच ‘बॅली’ ही कंपनी नावारूपाला आली. १९३३ च्या ‘काँटॅक्ट’मध्ये वीज शिरली. यंत्र हलवून गोळीचा मार्ग बदलणाऱ्यांना आवर घालण्यासाठी ‘टिल्ट’ आले. या सर्व यंत्रांत खेळाडूच्या हाती फक्त दांडा होता. गोळी सुटली की उरलेला खेळ खिळ्यांचा.

म्हणूनच कायदा जागा झाला. हे कौशल्य की नशीब? न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांचे उत्तर स्पष्ट होते. जानेवारी १९४२ मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी आली, पोलिसांनी हजारो यंत्रे जप्त केली आणि महापौर स्वतः घण घेऊन यंत्रे फोडताना छायाचित्रांत झळकले. बंदी जवळजवळ चौतीस वर्षे टिकली. दरम्यान १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी सहा फ्लिपर बसवले होते. पडत्या गोळीला आता परत वर मारता येऊ लागले. तरीही बंदी उठली ती १९७६ मध्येच. रॉजर शार्प या तरुणाने शहराच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर खेळून दाखवले, गोळी कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगितले आणि ती नेमकी तिथूनच गेली. शार्प यांनीच पुढे त्या क्षणात नशिबाचाही वाटा होता हे मोकळेपणाने मान्य केले, हा त्यातला खरा गमतीचा भाग.

हाच प्रश्न आपल्याकडेही निघाला होता, फक्त पिनबॉलवरून नव्हे. बक्षिसांच्या शब्दकोड्यांवरून उद्भवलेल्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगार आणि कौशल्याची स्पर्धा यांत रेषा ओढली. १९६७ मध्ये रमीला कौशल्याच्या बाजूला बसवले. ऑनलाइन खेळांचे आजचे वाद अजून याच रेषेवर घुटमळत आहेत.

आता फळीकडे परत यावे आणि तिच्यावरचा एक वाकडा खिळा पाहावा. बॅगाटेलमध्ये कौशल्य आणि नशीब यांचे प्रमाण ठरते ते खिळ्यांच्या कलावरून. १०० च्या घराच्या तोंडावरील खिळा केसभर आत वाकवला की ते घर जवळजवळ बंद होते. बाहेर वाकवला की उघडते. अमेरिकेतील यंत्रमालक हे गुपित पुरेपूर जाणत आणि नफ्यानुसार खिळे वाकवत. घरातल्या फळीवर हे काम बहुधा थोरल्या भावाने किंवा हुशार आतेबहिणीने केलेले असते. तो खिळा दोष म्हणून सरळ करणे म्हणजे एखाद्या दस्तऐवजातील खाडाखोड ‘शुद्धलेखन’ म्हणून सुधारणे होय. खाडाखोडीतच कित्येकदा लिहिणाऱ्याचा हेतू असतो.

झिजेचेही तसेच. गोळी जिथून वारंवार गेली तिथे रंग उडून लाकडावर फिकट वाट उमटते. त्या वाटेवरून खेळणाऱ्यांची आवडती ताकद कळते. आकडे दोन रंगांत असतील तर कोणीतरी मध्येच गुणांचे नियम बदलले आहेत. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली नावे आणि बेरजा असतील तर विचारायलाच नको. विदर्भातील मध्यमवर्गीय घरांत मुलांनी दुपारी काय केले, याची नोंद ना गॅझेटियरमध्ये आहे, ना महसुलाच्या कागदांत. ती अशा पाठींवरच आहे. पॉलिशपेपरला ती खोडायला दहा मिनिटे पुरतात.

पाश्चात्त्य देशांत जुनी पिनबॉल यंत्रे घरच्या तळघरात दुरुस्त करणाऱ्यांचा मोठा समुदाय आहे, आणि हा वाद त्यांच्यात जुना आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक सर्किट येण्यापूर्वीची यंत्रे रिले, कॉइल आणि दातेरी चाकांवर चालत. अशा यंत्राच्या पोटात वायरींचे जंगल, घट्ट होऊन डिंकासारखे झालेले ग्रीस आणि काळवंडलेले हजारभर संपर्कबिंदू असतात. ते साफ करावेच लागते. त्याविना यंत्र मुके. यावर मतभेद नाही. मतभेद खेळाच्या पृष्ठभागावर आहेत. त्यावर आजचा जाड पारदर्शक लेप चढवला की ते आरशासारखे दिसते, पण गोळी पूर्वीपेक्षा वेगाने धावते. जे यंत्र जपायचे म्हणून एवढा खटाटोप केला, त्या यंत्राचा खेळच बदलतो. दिव्यांच्या उष्णतेने रंग सुटलेली मागची चित्रित काच फेकून नवी छापील काच बसवावी की सुटता रंग आहे तिथेच थोपवावा, यावरही असाच काथ्याकूट चालतो. यात दुसऱ्या पक्षाचे पारडे जड मानले पाहिजे. वास्तुसंवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने हेच तत्त्व मांडले होते: जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबावी, आणि नवा भाग जुन्यापासून ओळखता यावा.

याचा अर्थ फळी काचेच्या पेटीत ठेवावी असा मात्र नाही. तो दुसरा अतिरेक. ज्या खेळण्याने कोणी खेळत नाही ते अर्धेच जपलेले असते, कारण दांडा किती ओढायचा हे ज्ञान लाकडात नसते, बोटांत असते. यवतमाळकरांना हे वेगळे सांगायला नको. शकुंतलेला ओढणारे, मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवर १९९४ पर्यंत धावले. सत्तर वर्षे धावणारे इंजिन मूळच्याच सुट्या भागांवर धावत नाही. ते टिकले ते दुरुस्तीवर, फायरमन आणि फिटर यांच्या सवयीच्या हातांवर. डिझेल इंजिन आले तेव्हा लोखंड निवृत्त झाले, आणि त्याबरोबर ते हातही. लोखंड कुठेही उभे करता येते.

म्हणून स्प्रिंग जरूर बदलावी. ती झिजण्यासाठीच असते. जुनी स्प्रिंग फेकू नये, पाकिटात घालून तारखेसह फळीच्या पाठीला अडकवावी. हरवलेल्या गोळ्यांच्या जागी सायकल दुरुस्तीच्या दुकानातले छर्रे चालतात, पण मापाचे. जड छर्रा जुन्या खिळ्यांना आणखी वाकवतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी, मग किंचित ओलसर फडक्याने, तेही रंग उठत नाही याची एका कोपऱ्यात खात्री करून. फळी धुऊन उन्हात वाळवण्याचा मोह अनेकांना होतो. वैशाखाच्या उन्हात प्लायवूडचे थर सुटायला वेळ लागत नाही. वाळवी लागली असेल तर ती मारावी, पोखरलेला भाग भरावा आणि भरलेला भाग मूळ रंगाशी बेमालूम जुळवू नये. गंजलेला खिळा घट्ट बसला असेल तर त्याला हात लावू नये.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. वस्तू ज्याच्या घरची, त्याने ती हवी तशी रंगवावी; इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यात नाक का खुपसावे? आक्षेप रास्त आहे. आजीच्या फळीवर नातीचा आवडता निळा रंग चढला तर तोही फळीच्या चरित्रातील एक थर होईल, आणि पन्नास वर्षांनी कोणी त्याचाही अभ्यास करील. अट एकच असावी: निळा रंग जुन्या रंगावर चढावा, जुना खरवडून नव्हे. त्याआधी फळीची पुढून, मागून आणि तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. तिरप्या उजेडात झिजेच्या वाटा आणि पुसट पेन्सिल दोन्ही उठून दिसतात. आणि घरातील जे कोणी या फळीवर खेळले असेल, त्यांना समोर बसवून विचारावे की १०० च्या तोंडावरचा तो खिळा कोणी वाकवला.

बहुतेक घरांत या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे मिळतात. सगळी लिहून घ्यावीत.