पीयूसीचा कागद धूर खात नाही

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की दिंडोरी, निफाड, चांदवड तालुक्यांतल्या रस्त्यांवर दुपारनंतर एकच दृश्य दिसते. कॅरेटांनी शिगोशीग भरलेल्या पिकअप गाड्या पिंपळगाव बसवंतच्या मार्केटकडे धावत असतात. चढ लागला की गाडीमागे काळा लोट उठतो आणि मागून येणारा मोटारसायकलवाला उपरण्याने नाक दाबतो. हीच गाडी थांबवून कागद मागा. कप्प्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटातून पुष्कळदा पीयूसीचे प्रमाणपत्र निघतेच. म्हणजे धूरही आहे आणि धूर मर्यादेत असल्याचा दाखलाही आहे! वाचकहो, या दोहोंमधले अंतर कोणाच्या खिशातून आणि कोणाच्या छातीतून भरून निघते, हे आज बघायचे आहे.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. जुनी पिकअप चालवणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचा येथे हेतू नाही. बारा-पंधरा वर्षांची गाडी कोणी हौसेने चालवत नाही. नव्या गाडीचा हप्ता टोमॅटोच्या भावावर फेडता येत नाही, म्हणून ती चालवायची. आपला माल वाहायचा, शेजाऱ्याची दोन भाडी मारायची, लग्नसराईत मंडपाचे सामान टाकायचे, अशी ती घराचा एक कमावता माणूस असते. म्हणूनच ती नियमात कशी राहील, हा प्रश्न चैनीचा नाही, पोटाचा आहे.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११५ व्या नियमाप्रमाणे गाडीच्या पहिल्या नोंदणीला एक वर्ष झाले की पीयूसी बाळगणे सक्तीचे आहे. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना ती एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिने. बीएस-३ गाड्यांची विक्री ३१ मार्च २०१७ नंतर बंद झाली. म्हणजे आपल्या भागात त्याआधी घेतलेली बहुतेक पिकअप सहा महिन्यांच्या हिशोबातच बसते. ‘आत्ता तर काढली होती’ म्हणणारे बरेचजण इथेच फसतात.

डिझेल गाडीच्या धुराची दाट स्मोक मीटरवर मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला मर्यादा २.४५, म्हणजे जुन्या मापाने ६५ हार्ट्रिज. बीएस-४ गाडीला १.६२, म्हणजे ५० हार्ट्रिज. हा आकडा प्रमाणपत्रावर छापलेला असतो. किती मालकांनी तो कधी वाचला आहे? आपण तारीख बघतो आणि कागद पाकिटात सारतो. गायीच्या दुधाची फॅट पॉइंटात मोजून घेणारा शेतकरी आपल्या गाडीच्या धुराचा आकडा मात्र वाचत नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित मोटार वाहन कायद्यात धुराचे मानक मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय तीन महिने लायसन्स ठेवता येत नाही. हंगामात तीन महिने लायसन्स गेले तर काय उरले?

एक गैरसमजही दूर करायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले होते, की पीयूसी नसेल तर विम्याचे नूतनीकरण करू नये. ही अट २०२४ च्या जुलैमध्ये न्यायालयानेच काढली, कारण विम्याविना धावणाऱ्या गाड्यांनी अपघात केला तर बिचाऱ्या जखमींना भरपाई मिळणे मुश्कील होते. आता गावोगावी बोलले जाते, ‘पीयूसी उठली.’ पीयूसी उठलेली नाही. विम्याशी घातलेली गाठ सुटली, एवढेच. रस्त्यावरचा नियम जिथल्या तिथे आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरसाल फिटनेस काढावा लागतो आणि तिथेही धूर तपासला जातोच.

धूर म्हणजे न जळलेले डिझेल

हा झाला कायद्याचा भाग. आता खिशाकडे वळू. काळा धूर म्हणजे दुसरे काही नसून आपण पैसे मोजून घेतलेले, पण पुरते न जळलेले डिझेल. इंजिनात डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की काजळी होते. समजा, गाडी लिटरला १२ किलोमीटर देत होती, ती १० वर आली. शंभर किलोमीटरला सव्वाआठ लिटरच्या जागी दहा लिटर लागले. नव्वद रुपये लिटर धरा, शंभर किलोमीटरमागे दीडशे रुपये हवेत गेले. महिन्याला दोन हजार किलोमीटर फेऱ्या होत असतील तर तीन हजार रुपये. पीयूसीला लागतात शे-दीडशे रुपये! तीन हजारांचे दुखणे दाखवून देणारी तपासणी आपण ‘कटकट’ म्हणून टाळतो, याला काय म्हणावे?

धुराचा रंगही बोलतो. काळा असेल तर हवा, डिझेल किंवा ओझे यांपैकी काहीतरी बिघडले आहे. निळसर असेल तर ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह किंवा टर्बो बघायला हवा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. आजार वेगळे, औषधेही वेगळी. सगळ्यावर ‘पंप सेटिंग’ हा एकच उपाय सांगणाऱ्या मिस्त्रीपासून चार हात लांब राहिलेले बरे.

सुरुवात नेहमी स्वस्तातल्या गोष्टींपासून करावी. आपल्या रस्त्यांवरची धूळ बघता एअर फिल्टर हा पहिला संशयित. जुन्या गाड्यांत ऑइल बाथचा फिल्टर असतो, त्यातले तेल चिखलासारखे होईपर्यंत कोणी झाकण उघडत नाही. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरने फुंकून फुंकून वापरला तर एक दिवस तो फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. मग रिंगा जातात. दोन-चारशे रुपये वाचवायला गेलो आणि इंजिनकाम निघाले, अशी ही गत. त्यानंतर डिझेल फिल्टर, वेळेवर ऑइल, टॅपेट. एवढे करूनही धूर राहिला तर नोझल काढून कॅलिब्रेशनच्या दुकानात प्रेशर आणि फवारा तपासून घ्यावा. नोझलने फवारा मारायला हवा. ती थेंब गाळू लागली की धूर आलाच.

आता नाजूक विषय, ओझे. गाडीचे पासिंग किती आणि कॅरेट लादतो किती, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. जादा ओझे ओढत नाही म्हणून मिस्त्रीला सांगायचे, ‘जरा डिझेल वाढव.’ तो पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवतो. गाडी ओढायला लागते, मालक खूश. पण त्या दिवसापासून इंजिन जादा गरम चालते, धूर दुप्पट होतो आणि आयुष्य निम्मे होते. एका फेरीत वाचवलेले भाडे वर्षाअखेर इंजिनाच्या कामात जाते. रॉकेलची भेसळ तर त्याहून वाईट. डिझेल पंपाला वंगण डिझेलचेच असते, रॉकेलने ते तुटते आणि पंप खातो.

तपासणीला जाताना

काही साध्या गोष्टी लक्षात ठेवल्या तर चांगली गाडी उगाच नापास होत नाही. घरातून निघून थंड इंजिनाने थेट मशीनवर जाऊ नये. दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन पुरते तापू द्यावे. सायलेन्सरला भोक असेल तर आधी ते बुजवावे. भोकातून हवा मिसळून आकडा कमी येईल अशी हुशारी करू नये, तो आकडा खोटा असतो. चाचणीत गाडी न्यूट्रलला ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात, सोडतात, आणि असे अनेक वेळा करून सरासरी घेतात. नळी सायलेन्सरमध्ये घातली का, पाय पूर्ण दाबला का, हे मालकाने स्वतः उभे राहून बघावे.

आणि गाडी नापास झाली तर? जून २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने देशभर एकाच नमुन्याचे प्रमाणपत्र आणले, त्यावर क्यूआर कोड आला आणि नापास गाडीला ‘रिजेक्शन स्लिप’ देण्याची सोय झाली. ही स्लिप म्हणजे लाज नव्हे. डॉक्टरचा रिपोर्ट घेऊन औषधाच्या दुकानात जातो तशी ती घेऊन गॅरेजला जायचे. मशीनवर शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर तपासून घ्यायचे. ‘नापास दाखवू नका, काहीतरी जमवा’ म्हणणारा मालक आपल्याच आजाराचा रिपोर्ट फाडतो.

यंत्रणेचेही कान धरायला हवेत

पण सगळा उपदेश मालकालाच का? टाळी एका हाताने वाजत नाही. गाडी समोर उभी न करता, नळी न लावता, नुसता नंबर टाकून कागद मिळतो, ही चर्चा कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. ती उगाच नाही. दिल्लीतल्या वाहन प्रदूषणाबाबत कॅगचा जो अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला, त्यात आकडे मर्यादेबाहेर असूनही गाड्या पास केल्याची प्रकरणे नोंदवली आहेत. राजधानीत असे होते, तर तालुक्याच्या फाट्यावर काय होत असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. खोटा कागद स्वस्तात मिळू लागला की प्रामाणिक मालक मूर्ख ठरतो. नोझलवर हजारो खर्च करणारा आणि कागद विकत घेणारा, दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

चाचणीचीही मर्यादा आहे. डिझेल गाडीत फक्त धुराची दाट मोजतात, तीही रिकाम्या गाडीची, जागेवर उभी करून. चढावर दोन टन ओढताना काय निघते ते मोजले जात नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे तर मोजतच नाहीत. त्यामुळे ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने तुंबला की साफ करण्याऐवजी पत्रा लावून तो बंद करायचा धंदा बिनबोभाट चालतो. गाडी पास होते, विषारी वायू वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला आहे. हा धूर सर्वांत जास्त कोण घेतो? गाडीचा ड्रायव्हर, मार्केटच्या आवारात दिवसभर उभा असलेला हमाल, आणि फाट्यावर एसटीची वाट बघणारी शाळेची पोरे. नाशिक शहर केंद्राच्या २०१९ च्या शुद्ध हवा कार्यक्रमात आहे. पण बाजार समितीच्या आवारातली हवा कोण मोजतो?

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, परिवहन खात्याने पीयूसी केंद्रांची अचानक तपासणी करावी. धूर सोडणारी गाडी ताज्या पीयूसीसह सापडली तर नुसता मालकाला दंड न करता ती पीयूसी देणाऱ्या केंद्रालाही जाब विचारावा. दुसरी, हंगामाच्या आधी बाजार समित्यांनी आवारातच धूर तपासणीची शिबिरे भरवावीत, दंडाची भीती न घालता, फक्त आकडा सांगून. जनावरांची शिबिरे होतात, मग गाड्यांची का नकोत? तिसरी, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या पोरांना तालुक्याच्या गावी नोझल टेस्टरसारखी साधने घ्यायला कर्ज मिळावे. नियम दिल्लीत होतो, पण पाळला जातो तो गावच्या गॅरेजमध्ये, आणि तिथे साधन नसेल तर नियम कागदावरच राहतो.

जाता जाता भंगाराच्या अफवेबद्दल. दहा वर्षांची डिझेल गाडी बंद, हा नियम दिल्ली राजधानी परिसराचा आहे. आपल्याकडे जुनी मालवाहू गाडी चालते ती फिटनेसच्या जोरावर. मात्र पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या फिटनेसचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून अनेक पटींनी वाढले आहे. म्हणजे सरकार जुन्या गाडीला दारातून हाकलत नाही, पण खर्चाने बेजार करते. अशा वेळी जो मालक गाडी नीट राखतो, तोच टिकेल. आणि ज्या इंजिनात काही राहिलेच नाही, ते कागदाच्या टेकूवर उभे ठेवण्यात मालकाचाही फायदा नाही, हेही मोकळेपणाने मान्य करावे.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, हंगामाची पहिली फेरी मारण्याआधी पाकिटातली पीयूसी बाहेर काढा. तारीख बघा, आणि तारखेबरोबर तो आकडाही वाचा. मागच्या वेळेपेक्षा वाढला असेल तर गाडी काहीतरी सांगते आहे. खोट्या कागदाने पोलिसाला फसवता येईल. डिझेलच्या टाकीला आणि पोरांच्या छातीला फसवता येत नाही.