पर्यटकांची संख्या म्हणजे शांतता नव्हे

अशांत प्रदेशातील तीर्थक्षेत्रे व प्राचीन वास्तू पाहावयास जावे की न जावे, हा वस्तुतः प्रशासनाचा प्रश्न. आपल्याकडे तो देशभक्तीचा झाला आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरन येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते आणि एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर एक पक्ष म्हणू लागला, काश्मीरला जाणे हेच दहशतवादाला उत्तर. दुसरा म्हणाला, काश्मीरवर बहिष्कार घाला. एकाला प्रवासी शिपाई वाटतो, दुसऱ्याला शिक्षा करण्याचे साधन. मला दोन्ही भूमिका अमान्य आहेत.

मूळ दोष आकड्यांच्या वापरात आहे. २०२४ साली जम्मू-काश्मीरला सुमारे २ कोटी ३६ लाख लोकांनी भेट दिली, हा आकडा परिस्थिती सुधारल्याचा पुरावा म्हणून वारंवार मांडला गेला. त्यातील सुमारे ९५ लाख वैष्णोदेवीचे यात्रेकरू. ते देवस्थान जम्मू विभागात आहे. प्रत्यक्ष काश्मीर खोऱ्यात आलेले सुमारे ३५ लाख, आणि त्यांतही अमरनाथचे पाच लाखांहून अधिक यात्रेकरू धरलेले. अर्थशास्त्रात गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम सांगतात : मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. पर्यटकसंख्या हेच यश ठरले, की ‘हे स्थळ तूर्त बंद ठेवा’ असे लिहिणारा अधिकारी अडथळा ठरतो.

प्रशासनाला नियोजन जमत नाही, असे मात्र नाही. १९९६ साली अमरनाथ यात्रेत हिमवादळाने दोनशेहून अधिक यात्रेकरूंचा बळी घेतला. नीतीश सेनगुप्ता समिती नेमली गेली आणि यात्रेला शिस्त येत गेली. आज तेथे नोंदणी, वैद्यकीय दाखला, वयाची अट, आरएफआयडी कार्ड आणि संरक्षित ताफ्याची ठरलेली वेळ आहे. १० जुलै २०१७ रोजी अनंतनाग जिल्ह्यात यात्रेकरूंची जी बस हल्ल्यात सापडली, ती पोलिसांच्या म्हणण्यानुसार या नोंदणीबाहेरची होती आणि वाहतुकीची मुदत उलटल्यावर रस्त्यावर होती.

परंतु त्याच जिल्ह्यात मट्टनचे मार्तंड मंदिर पाहावयास जाणाऱ्याला, किंवा महामार्गालगतच्या अवंतिपूरच्या भग्न मंदिरांशी थांबणाऱ्याला, असे कोण काय सांगते? बैसरनला मोटाररस्ता नव्हता. पायी वा तट्टावर जावे लागे, आणि हल्ल्याच्या वेळी तेथे सुरक्षा दल तैनात नव्हते. ही माहिती वर जाणाऱ्या कुटुंबांना नव्हती. हल्ल्यानंतर मात्र ८७ पैकी ४८ स्थळे बंद करण्यात आली. पुढे त्यांतील काही टप्प्याटप्प्याने उघडली. याचा अर्थ, धोक्यानुसार स्थळांचे वर्गीकरण करणे शक्य होते. ते लोकांपुढे आले, पण २६ माणसे गेल्यानंतर.

अशी माहिती हल्लेखोरांच्या उपयोगी पडेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण बंदोबस्ताचा नकाशा कोणी मागत नाही. स्थळ आज खुले आहे काय, तेथे बंदोबस्त आहे काय, परतीची शेवटची वेळ कोणती, जवळचे रुग्णालय कोठे, जबाबदार अधिकारी कोण, एवढे रोज जाहीर व्हावे. अमरनाथ यात्रेच्या वेळा जाहीर होतातच की! यात स्थानिकांचेही हित आहे. नेमकी माहिती असेल तर एका कुरणावरील हल्ल्याने साऱ्या खोऱ्यातील घोडेवाल्यांची व शिकारेवाल्यांची रोजी बुडणार नाही.

दिल्ली, इंदूर, बंगळूर येथील मराठी परिचित मला विचारतात, “काश्मीरला जावे का?” मी सांगतो, जावे, पण ‘काश्मीर’ असा एकच प्रश्न विचारू नये. प्रत्येक स्थळाविषयी वरील पाच प्रश्न जिल्हा प्रशासनाला विचारावेत, आणि ज्या स्थळाचे उत्तर मिळत नाही ते सहलीतून वगळावे. इतर राज्यांतील प्रीपेड सिम तेथे चालत नाही. पोस्टपेड जोडणी असावी. उत्तर न देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारणा करावी. नागरिकाच्या प्रवासाचा आकडा शासन आपल्या यशात मोजत असेल, तर त्या प्रवासाची माहिती मागणे हा त्याचा हक्कच आहे.