स्लॅब टाकला, पाणी कोण मारणार?

कंधारच्या गल्लीत लिफ्टवाला मिक्सर येऊन उभा राहिला की दुपारपर्यंत स्लॅब उरकतो. पूर्वी याच कामाला खालपासून वरपर्यंत माणसांची साखळी लागे. घमेले हातोहात चढे, रिकामे होऊन खाली येई, आणि त्या साखळीत बाया भरपूर असत. आता मिक्सरबरोबर त्याचीच मोजकी पोरे येतात. बाईला गुत्तेदाराचा निरोप येत नाही.

डोक्यावरचे ओझे उतरले याचे दुःख करण्यात अर्थ नाही. घमेल्याखाली मान झिजवणे ही काही जपायची परंपरा नव्हे. आणि यंत्राचे आपल्याला वावडे कधी होते? बैल जुंपून चुना मळणारी घाणी यंत्रच होती. बंगळुरूत 2023 साली यंत्राने थरावर थर देत अख्खे पोस्ट ऑफिस छापून काढले. ते तंत्र आपल्या कंधारला, मन्याडकाठी, कधी यायचे तेव्हा येवो.

तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे यंत्र आले ते काँक्रीट कालवून वर चढवण्यापुरते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होते. म्हणून भारतीय मानक 456 सांगते, की साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस सतत ओले ठेवा; हवा कोरडी आणि उष्ण असेल तर 10 दिवस; राखमिश्रित सिमेंट असेल तर 14 दिवसांपर्यंत न्या. आपल्याकडे घरे बांधायची घाई पावसाळ्याच्या आधी, म्हणजे नेमकी एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा प्यायचे पाणीही टँकरने यायचे. स्लॅबवर आळी केली जातात, दोन दिवस भरली जातात, तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांत भेगाळलेली माती दिसते. कॉलमला गुंडाळलेले बारदान तर त्याआधीच कडक झालेले असते. राष्ट्रकूटांनी जगत्तुंग समुद्रासारखा तलाव बांधलेल्या गावात ही अवस्था!

मिस्त्रीला विचारा, तो म्हणतो पाणी मारणे मालकाचे काम. मालक म्हणतो, गुत्ते दिले की सगळे त्यात आले. अंगावर दिलेल्या कामाच्या हिशोबात सळई असते, सेंट्रिंग असते, मिक्सरचे भाडे असते. पाण्याची ओळ मात्र नसते.

ती का हवी, हे मराठवाड्याला तरी सांगावे लागू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर माळवदाची भीती बसली आणि स्लॅब म्हणजे भक्कम ही समजूत घट्ट झाली. 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला हिंगोली-नांदेडकडची जमीन पुन्हा हलली, दोन्ही वेळा 4.5 च्या आसपास. तहानलेला स्लॅब आणि कच्चे कॉलम अशा वेळी माळवदाचेच भाऊबंद ठरतील.

आता त्या बाईकडे परत येऊ. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी हवी तर मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मिक्सरने तिचे दिवस खाल्ले, त्यामुळे दाखलाही अवघड झाला. इकडे स्लॅबला 14 दिवस माणूस हवे आहे आणि तिकडे माणसाला दिवस हवे आहेत.

तेव्हा या उन्हाळ्यात कंधारमध्ये जो कोणी घर बांधायला काढील, त्याने गुत्तेदाराशी बोलताना पाणी मारण्याचे 14 दिवस वेगळे लिहून घ्यावेत, मजुरीसकट. आणि त्या कामावर साखळीतल्याच एका बाईला लावून ते दिवस तिच्या 90 मध्ये धरायला लावावेत.