काटे मागे ओढायचे नाहीत
कॉम्प्युटरमधलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्वस्त स्फटिकावर चालतं. खोली तापली-गारठली की त्याची चाल बदलते आणि दिवसाकाठी सेकंदभराची चूक सहज होते. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) मांडला: नेटवर्कवरच्या अचूक घड्याळाला वेळ विचारून आपलं घड्याळ जुळवायचं. वेळ विचारणारा निरोप कधी निघाला, कधी पोचला, उत्तर कधी निघालं, कधी आलं, या चार नोंदींवरून प्रवासाचा वेळ काढायचा आणि त्यातला निम्मा एका बाजूचा धरायचा. जायला-यायला सारखाच वेळ लागतो, हे गृहीतक (पुणेकराला ते पटणार नाही!), ते चुकलं की फरकाच्या निम्मी चूक पदरात पडते. मला मात्र पुढची सभ्यता आवडते: घड्याळ जरासं पुढे गेलं असेल, तर काटे मागे न ओढता चालच किंचित मंद करतात. एरवी नंतर जतन केलेली फाइल आधीची ठरायची. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाने कंपन्यांना एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घेणं भाग पडलं, ते बरंच झालं. घड्याळं जुळत नसतील तर हॅकर आधी कुठल्या सर्व्हरवर शिरला, हे नोंदी चाळून कसं कळणार?