पीण्याचा ताप आणि दिल्लीची अट

एप्रिल २०१६ मध्ये बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, कोणत्याही मोठ्या कामगार संघटनेच्या हाकेशिवाय रस्त्यावर उतरल्या. १८ तारखेला सुरू झालेले हे आंदोलन दुसऱ्या दिवशी तुमकूर रस्त्यावरील पीण्या आणि जालहळ्ळी क्रॉसपर्यंत पोहोचले आणि त्याला हिंसक वळण लागले. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, ही केंद्राची अधिसूचना हे त्याचे निमित्त होते. तत्कालीन श्रममंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी १९ एप्रिललाच ती मागे घेतली. राजधानीत या माघारीची चर्चा झाली ती सरकारच्या नामुष्कीच्या अंगाने. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला विसाव्या-तिसाव्या वर्षी तो पैसा का हवा असतो, हा प्रश्न मागे पडला.

दिल्लीच्या लेखी हा निधी म्हातारपणाची तरतूद आहे. पीण्यात तो अनेकदा आजारपणाची तरतूद असतो. काम सुटले की खाते बंद करून पैसे काढायचे आणि त्यातून औषधांची उधारी व थकलेले घरभाडे फेडायचे, हा तेथील व्यवहार. आजारपणासाठी स्वतंत्र विमा असूनही कामगाराला म्हातारपणाचा पैसा मोडावा लागतो, यातच या प्रश्नाचे मर्म आहे.

त्या विम्याचा आराखडा एका मराठी नावाच्या अभ्यासकाचा. प्रा. बी. पी. आडारकर यांनी आपला अहवाल १९४४ मध्ये सरकारला दिला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथून योजना सुरू झाली. आडारकरांच्या नजरेसमोर प्रामुख्याने कापड, अभियांत्रिकी आणि धातू-खनिज हे उद्योग होते. सत्तरच्या दशकात वसलेल्या पीण्यातही मुख्यतः कापड आणि अभियांत्रिकी हेच उद्योग आहेत. मात्र आडारकरांचा कामगार एका गिरणीत वर्षानुवर्षे राहणारा होता. पीण्यातला कामगार उत्तर कर्नाटक, ओडिशा किंवा बिहारमधून येतो, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो आणि कारखाने बदलत राहतो.

नियमांची मेख इथेच आहे. आजारपणात ७० टक्के वेतन, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, हा लाभ कागदावर वाईट नाही. पण तो मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्या वर्गणीचा लाभ तीन महिन्यांनंतर सुरू होणाऱ्या सहामाहीत मिळणार. नव्याने लागलेल्या कामगाराला त्यामुळे पहिले नऊ महिने दवाखाना मिळतो, आजारपणाचे वेतन मिळत नाही. विमा क्रमांक एकच राहिला तर एका मालकाकडचे दिवस दुसऱ्याकडे मोजले जातात. कंत्राटदार बदलल्यावर पुन्हा नवाच क्रमांक काढला गेला, तर ते हिशेबातून निसटतात. त्यातही आजाराचे पहिले दोन दिवस सामान्यतः बिनपगारी. दोन दिवसांच्या तापाने अंथरुणाला खिळलेल्या बाईला या योजनेतून वेतनापोटी काहीच मिळत नाही. क्षयासारख्या दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे, पण त्याला दोन वर्षांच्या सलग नोकरीची अट आहे.

याहून गंभीर बाब क्वचितच बोलली जाते. आजारपणाचा लाभ घेणाऱ्याला त्या काळात कामावरून काढता येणार नाही, असे संरक्षण १९४८ च्या कायद्याच्या ७३ व्या कलमाने दिले होते. ते लाभाशी बांधलेले होते. म्हणजे ज्याचे ७८ दिवस भरले नाहीत, त्याचे वेतनही बुडाले आणि या कलमाचा आधारही गेला.

अभियांत्रिकी कारखान्यांतील कुशल कामगारांची अडचण उलटी आहे. जानेवारी २०१७ मध्ये वेतनमर्यादा १५ हजारांवरून २१ हजारांवर गेली आणि २०२५ अखेरपर्यंत तेथेच राहिली. जुना लेथ ऑपरेटर वेतनवाढीने ही रेषा ओलांडतो, चालू वर्गणीकाळ संपतो आणि सारे कुटुंब विम्याबाहेर पडते. पर्यायी विमा उतरवण्याचे बंधन ही योजना मालकावर घालत नाही. दरम्यान, जुलै २०१९ मध्ये वर्गणीचा एकूण दर साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणला गेला. दर घटवता येतो, पण ७८ दिवसांची अट सैल करता येत नाही, हा प्राधान्यक्रम बोलका आहे. आयुष्मान भारतसारख्या योजना रुग्णालयाचे बिल भरतात. बुडालेला रोज त्या भरून देत नाहीत.

उरते रजा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी आणि आठ दिवस किरकोळ रजा मिळते. हे वाचणाऱ्या अनेकांच्या रजाखात्यात तिची नोंद असेल. कारखाने कायद्यात आजारपणाची वेगळी रजा कधीच नव्हती. २४० दिवस भरल्यावर मिळणारी वार्षिक रजाच आजारात खर्ची घालायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने स्त्रियांसाठी वर्षाला १२ दिवसांची पगारी मासिक पाळी रजा मंजूर केली. मनात आणले तर राज्येही पाऊल उचलू शकतात, एवढे त्यातून दिसले.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या. वार्षिक रजेची २४० दिवसांची अट १८० वर आली, हा लाभ खरा आहे. आजारपणाची स्वतंत्र रजा मात्र त्यांतही नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने लाभाच्या पात्रतेच्या अटी केंद्राच्या नियमांवर सोपवल्या आहेत आणि वेतनमर्यादाही केंद्रच अधिसूचनेने ठरवते. तेव्हा ७८ दिवसांचा आकडा कमी करणे, कंत्राटी कामगाराचे सर्व मालकांकडील दिवस आपोआप एकाच खात्यात जोडणे, पहिल्या दोन दिवसांची कपात रद्द करणे, यांसाठी दोन्ही सभागृहांत विधेयक मांडावे लागणार नाही. आंदोलनानंतर २०१६ मध्ये जी माघार झाली, तीही विधेयकावाचूनच झाली होती.