इंजिन बंद पडत नाही, मग विमान उभं का?

"विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर?" हा प्रश्न हॉस्टेलच्या गच्चीवर दर वर्षी फर्स्ट इयरची नवी बॅच आली की निघतोच. काकडीला शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या वैजापूरकडेही विमानाच्या गप्पा वाढल्यात. पण माझं म्हणणं असं, की हा प्रश्न आता जुना झाला. खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो आपल्या अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच.

आधी जुन्या प्रश्नाचं उत्तर. दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावरून, जवळच्या विमानतळापासून तीन तासांच्या अंतरापर्यंत (एका इंजिनावर) जायची परवानगी हवी असेल, तर त्या जातीच्या इंजिनांचं हवेत बंद पडण्याचं प्रमाण हजार तासांना ०.०२ च्या आसपास किंवा त्याहून कमी असावं लागतं. म्हणजे पन्नास हजार तासांत एकदा. रोज बारा तास उडणाऱ्या इंजिनाचा हिशोब करा, अकरा वर्षं होतात! आपल्या मेसचा मिक्सर अकरा महिने तरी टिकतो का?

आणि अपघात म्हटला की इंजिनाकडे बोट दाखवायची सवयही सोडायला हवी. आपल्या जिल्ह्यातली घटना बघा. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत दोष निघाला तो वैमानिकाने नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा. इंजिनांचा नाही.

मग खरा प्रश्न कोणता? इंजिन पंखावर किती दिवस टिकतं, आणि उतरवलं की परत कधी मिळतं, हा. याचं उदाहरण मुंबईच्याच कंपनीचं आहे. वाडिया समूहाची गोएअर २००५ मध्ये सुरू झाली, पुढे तिचं नाव गो फर्स्ट झालं. तिने एअरबस ए ३२० निओ घेतली आणि त्यावर प्रॅट अँड व्हिटनीचं गिअर्ड टर्बोफॅन इंजिन लावलं. कल्पना झकास आहे. पुढचा मोठा पंखा हळू फिरला तर बरा, मागची टर्बाइन जोरात फिरली तर बरी. एकाच शाफ्टवर दोघांना बांधलं की दोघांचीही गैरसोय. म्हणून मध्ये साधारण तीनास एक प्रमाणाचा गिअरबॉक्स टाकला. इंधन सुमारे १६ टक्के वाचतं म्हणाले, आणि खरंच भरपूर वाचतं. व्हायव्हाला विचारलं तर आपण सगळे हे धडाधड सांगू.

गंमत म्हणजे ज्या गिअरबॉक्सबद्दल सगळ्यांना धास्ती होती, तो बिनबोभाट चालला. बिघडलं ते बाकीचं. २०१६ मध्ये इंजिन सुरू व्हायलाच वेळ लागायचा, कारण बंद केल्यावर गरम शाफ्ट असमान थंड होऊन किंचित वाकायचा. कम्बस्टर लवकर झिजू लागले. मार्च २०१८ मध्ये एका सीलच्या दोषामुळे डीजीसीएने इंडिगो आणि गोएअरची मिळून अकरा विमानं जमिनीवर बसवली. २०१९ मध्ये लो-प्रेशर टर्बाइनच्या तिसऱ्या टप्प्याची पाती तुटू लागली आणि इंडिगोला आदेश निघाला, की २९०० तासांवर चाललेली अशी इंजिनं बदला. २९०० तास म्हणजे रोजच्या बारा तासांनी जेमतेम आठ महिने. जुन्या सीएफएम ५६ जातीची इंजिनं वीस-वीस हजार तास न उतरवता चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत, त्याच्याशी ताडून बघा.

धुळीचाही यात वाटा असतो. टर्बाइनमध्ये येणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असतो. पातं टिकतं ते आतून खेळवलेल्या थंड हवेवर आणि वरच्या सिरॅमिक लेपावर. धुळीतले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या उष्णतेत वितळून काचेसारखे चिकटतात, लेप खातात, भोकं बुजवतात. आपल्याकडचा मे महिना आठवा, म्हणजे जास्त सांगायला नको. हे एकाच कंपनीचं दुखणं आहे असंही नाही. इंडिगोने २०१९ मध्ये पुढच्या २८० विमानांसाठी ज्या लीप इंजिनाकडे मोर्चा वळवला, त्याचीही टर्बाइन पाती उष्ण आणि धुळीच्या प्रदेशात लवकर झिजली. सुधारलेल्या भागांना मान्यता मिळायला २०२४ चा डिसेंबर उजाडला.

गो फर्स्टचं पुढे काय झालं? इंजिनं उतरवली, पण बदली इंजिनं मिळेनात. कंपनीच्याच म्हणण्यानुसार डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के विमानं उभी होती, डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के. सिंगापूरच्या लवादाने दहा चालू इंजिनं २७ एप्रिल २०२३ पर्यंत द्या असं सांगितलं. ती मिळाली नाहीत, अशी तक्रार करत कंपनीने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशीपासून उड्डाणं थांबली. प्रॅटचं म्हणणं उलट होतं, की गो फर्स्ट पूर्वीपासून पैसे थकवत आली आहे. कोण किती खरं यात मी पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यात आपल्यासारखे डिप्लोमा-डिग्रीवाले कितीतरी असणार.

त्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, आणखी एक गोष्ट बाहेर आली. २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत काही टर्बाइन डिस्क ज्या धातूच्या पावडरीपासून बनल्या, तिच्यात सूक्ष्म अशुद्धी होती आणि त्यामुळे तडे जाऊ शकतात. पातं तुटलं तर ते बाहेरच्या आवरणात अडकतं. डिस्क फुटली तर तिला अडवणारं काही नसतं. म्हणून शेकडो इंजिनं वेळेआधी उतरवावी लागली, आणि एकेक इंजिन परत यायला २५० ते ३०० दिवस लागतील असं प्रॅटच्या मूळ कंपनीने स्वतःच जाहीर केलं. या सगळ्यात सुरक्षेची व्यवस्था चोख चालली हे मान्य करायलाच हवं. विमान पडू नये म्हणूनच ते उभं केलं. पण उभ्या विमानाने इंधन वाचवलं, असं कोणी म्हणेल का?

आमच्या वैजापूरला ट्रॅक्टर घेताना अडाणी म्हणवणारा शेतकरीसुद्धा पहिल्यांदा अॅव्हरेज विचारत नाही. "पार्ट कुठं मिळतो, अन् मिस्त्री कोण हाय?" असं विचारतो. रब्बीच्या पेरणीत ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर वाचलेलं डिझेल काय कामाचं, हे त्याला पक्कं माहीत असतं. आपण मात्र एफिशियन्सीची डेरिव्हेशन पाठ करतो आणि मेंटेनन्स म्हटलं की "गॅरेज टाकणार का?" म्हणून हसतो. कॅम्पसला आलेल्या कंपनीत डिझाइनची जागा म्हणजे लॉटरी, सर्व्हिसची म्हणजे शिक्षा! ही समजूत मला चुकीची वाटते. तीनशे दिवसांची रांग कमी करणं हेही इंजिनिअरिंगच आहे, आणि ते सोपं नाही. भाग उघडल्याशिवाय तडा शोधायचा, झिजीचा वेग ओळखून इंजिन कधी उतरवायचं ते ठरवायचं, सुटे भाग आधी मागवून ठेवायचे. याला मेटलर्जी लागते, स्टॅटिस्टिक्स लागतं, आणि हात काळे करायची तयारी लागते. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधून दिलेलं दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. लीपची दुरुस्ती करणारं सॅफ्रानचं केंद्र नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादला उघडलं. म्हणजे कामं आपल्या दारात येताहेत आणि आपण त्यांच्याकडे पाठ करून बसलोय.

सरांना माझी एक विनंती आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला शंभरातले दहा मार्क फक्त या प्रश्नांसाठी ठेवा: तुमचं यंत्र उघडायला किती वेळ लागतो, त्यातला कोणता भाग आधी जाईल, आणि तो गेला तर वैजापूरच्या बाजारपेठेत मिळेल का? पहिल्या वर्षी बरेच जण नापास होतील. पोरं ओरडतील, माझ्या रूमवर मोर्चाही येईल. येऊ द्या.